दोन पूर्णांक ब्याण्णव शतांश

ज्या समाजात मनुष्याची योग्यता दशांशचिन्हापुढील दोन अंकांवरून ठरवली जाते, त्या समाजात न्याय नांदतो की नाही याविषयी विद्वानांत मतभेद होऊ शकतील. परंतु तेथील दप्तरांत कागद तुंबून राहत नसणार, याविषयी कोणत्याही अनुभवी हेडक्लार्कचे दुमत होणार नाही. अमेरिकेतील विद्यापीठांनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. प्रत्येक विषयात मिळालेल्या अक्षराला अंक द्यायचा, म्हणजे 'ए'ला चार, 'बी'ला तीन, 'सी'ला दोन. त्या अंकांची विषयाच्या वजनाप्रमाणे सरासरी काढायची. आणि चार वर्षांतील वाचन, जागरण, आळस, विरह, फ्लू व वसतिगृहातील पास्ता या सर्वांचा निष्कर्ष एका अपूर्णांकात उतरवून तो विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधायचा, असा हा प्रघात असून त्यालाच तिकडे जीपीए म्हणतात. ज्याचा जीपीए ३.९ तो पुरुष धन्य होय, ज्याचा ३.५ तो सज्जन. आणि ज्याचा तीनाच्या खाली, त्याचा विषय निघाला की त्याचे नातेवाईक हवापाण्यावर बोलू लागतात.

हा अपूर्णांक न्यूयॉर्कातील इन्व्हेस्टमेंट बँकांच्या उंबऱ्यावर जितका डोळ्यांत तेल घालून तपासला जातो, तितका तो अन्यत्र क्वचितच तपासला जात असेल. बँक म्हटल्याबरोबर ज्यांच्या डोळ्यांपुढे पासबुक, दोरीला बांधलेले पेन आणि 'उद्या या' असे सांगणारी खिडकी उभी राहते, त्यांच्या माहितीसाठी एवढे सांगितले पाहिजे, की या बँकांत पासबुक नसते व खिडकीही नसते. एका कंपनीने दुसरी विकत घ्यावी हा विचार दोघींच्याही मनात एकाच वेळी भरवून देणे, कंपन्यांचे भाग आणि कर्जरोखे बाजारात आणणे, आणि या मध्यस्थीबद्दल शेकडा अमुक अशी दलाली वसूल करणे, हा त्यांचा व्यवसाय. ठेवींच्या बँका आणि या बँका यांच्या चुली अमेरिकन काँग्रेसने १९३३ साली कायद्याने वेगळ्या केल्या होत्या. त्या १९९९ साली पुन्हा एकत्र झाल्या, आणि पुढे २००८ साली काय करपले ते सर्वश्रुतच आहे. लोक अद्यापि या मंडळींना वॉल स्ट्रीटवाले म्हणत असले, तरी गोल्डमन सॅक्सचे बिऱ्हाड वेस्ट स्ट्रीटवर, मॉर्गन स्टॅन्लीचे टाइम्स स्क्वेअरपाशी ब्रॉडवेवर आणि जेपी मॉर्गनचे पार्क अव्हेन्यूवर आहे. खुद्द वॉल स्ट्रीटवर आता मुख्यत्वे छायाचित्रे काढणारे प्रवासी आढळतात, आणि २३ क्रमांकाच्या जुन्या मॉर्गन इमारतीच्या भिंतीवर १९२० सालच्या बॉम्बस्फोटाचे व्रण आढळतात, जे मुद्दामच बुजवलेले नाहीत.

अशा ठिकाणी जाण्यासाठी तरुणांनी जीव टाकावा, याचे कारण उघड आहे. २०२१ सालापासून बड्या बँकांत नवशिक्या ॲनालिस्टाचे मूळ वेतनच वर्षाला एक लाख डॉलरांच्या घरात गेले आहे, बोनसची बिदागी निराळी. याच २०२१ साली गोल्डमन सॅक्समधील तेरा नवशिक्यांनी आपापसात पाहणी करून वरिष्ठांपुढे एक सादरीकरण ठेवले होते, ज्यात आठवड्याला सरासरी ९५ तास काम आणि रात्रीची सरासरी पाच तास झोप असे आकडे होते. ते सादरीकरण बाहेर फुटले आणि सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. आम्हांस मात्र त्यातील विशेष वाटला तो असा, की आपल्या दैन्याची ती कैफियतसुद्धा त्या मुलांनी बँकेच्या ठरीव नमुन्यात, ठरीव रंगांत, आलेखांसह मांडली होती. इतके होऊनही ओघ आटला म्हणावे, तर २०२४ सालच्या उन्हाळी उमेदवारीसाठी त्याच बँकेकडे तीन लाखांहून अधिक अर्ज आले आणि शंभरांतून एकाचीही निवड झाली नाही. तीन लाख अर्ज वाचायचे म्हटले तर वाचणाऱ्याची हयात जायची, तेव्हा ३.५ च्या खालचे अर्ज बाजूला सारावेत, असे अलिखित फर्मान निघाले असेल तर त्यात दुष्टावा पाहण्याचे कारण नाही. चाळणी ही धान्याचा द्वेष करीत नसते.

प्रश्न एवढाच, की सगळ्या गिरण्यांचे दळण सारखे नसते. हार्वर्ड महाविद्यालयात विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त वेळा मिळणारी श्रेणी निखळ 'ए' आहे आणि मध्यक 'ए वजा' आहे, अशी कबुली तेथील अधिष्ठात्यांनी २०१३ साली, एका वृद्ध प्राध्यापकाने भर सभेत टोकल्यावर दिली होती. प्रिन्स्टनने २००४ साली मोठ्या धीराने ठरवले, की 'ए' वर्गातील श्रेणी शेकडा पस्तिसांपलीकडे जाऊ द्यायच्या नाहीत. आणि २०१४ साली तितक्याच धीराने तो नियम मागे घेतला, कारण इतर विद्यापीठे साखर वाटत असता आपणच कारल्याचा रस पाजावा हे विद्यार्थ्यांना रुचेना. उलटपक्षी एखाद्या सरकारी विद्यापीठात, चारशे मुलांच्या वर्गात, रसायनशास्त्राचा प्राध्यापक 'सी' देताना इतका निर्विकार असतो, की जणू तो दाखल्यावर नुसती तारीख घालीत आहे. तथापि बँकेच्या चाळणीला हार्वर्डचा ३.५ आणि या प्राध्यापकाच्या तावडीतून सुटलेला ३.५ सारखेच दिसतात. किंबहुना सारखेही दिसत नाहीत, कारण हार्वर्डला बँकेची माणसे स्वतः जातात आणि सरकारी विद्यापीठाने अर्ज पाठवायचा असतो.

आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे चिरंजीव अशाच एका सरकारी विद्यापीठात होते. स्नेही स्वतः पुणे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस, साल दोन हजार उजाडले की जगातील संगणक बंद पडणार या भीतीवर ज्या अनेक मराठी संसारांचा पाया घातला गेला, त्यांपैकी एक त्यांचा, न्यू जर्सीतील एडिसन गावी. मुलाने डॉक्टर व्हावे ही इच्छा घरात कोणी बोलून दाखवली नव्हती, कारण जे गृहीत असते ते बोलून दाखवावे लागत नाही. परिणामी चिरंजीवांनी पहिली दोन सत्रे रसायन, जीवशास्त्र आणि कॅल्क्युलस यांच्या सहवासात काढली व त्यांची सरासरी १.७२ भरली. मग त्यांनी अर्थशास्त्र घेतले आणि पुढील चार सत्रांत ३.५२ मिळवले. तिसरे वर्ष संपता संपता या सर्वांची गोळाबेरीज झाली दोन पूर्णांक ब्याण्णव शतांश. स्नेह्यांनी तो आकडा चारांनी भागून पाहिला, ७३ टक्के आले, आणि त्यांना किंचित हायसे वाटले. "आमच्या वेळी हा फर्स्ट क्लास होता हो," असे ते आम्हांस म्हणाले. परंतु त्याच भागाकाराने ३.५ चे साडेसत्त्याऐंशी होतात हे लक्षात आल्यावर ते पुन्हा गप्प झाले.

अशा विद्यार्थ्यापुढचे पहिले संकट म्हणजे रेझ्युमे. तो एकाच पानाचा असावा, त्यात फोटो नसावा, वडिलांचे नाव नसावे, आणि तळाशी आवडीनिवडींची एक ओळ असावी, असा तिकडील दंडक आहे. जीपीए लिहिलाच नाही तर काय होते, असे आम्ही भाबडेपणाने विचारले असता चिरंजीव म्हणाले, "काका, न लिहिणं म्हणजे तीनच्या खाली आहे असं मोठ्या अक्षरात लिहिण्यासारखं आहे." तेव्हा मौनाचा मार्ग बंद. पूर्णांकीकरणाचा मार्ग रूढीने अर्धवट उघडा आहे: ३.४५ चे ३.५ केले तर त्याला व्यवहार म्हणतात, ३.४४ चे केले तर त्याला लबाडी म्हणतात, आणि नेमणुकीपूर्वी विद्यापीठाचा अस्सल दाखला मागवला जात असल्यामुळे ही लबाडी उघडकीस येऊन हाती आलेली नोकरी जाते. २.९२ चे ३.० करणे म्हणजे तर सरळ अफरातफर. शेवटी पुष्कळ खल होऊन त्या पानावर एक ओळ अवतरली: 'जीपीए (शेवटची चार सत्रे) : ३.५२'. अक्षरशः सत्य, अंकशः सत्य. फक्त जे अप्रिय ते कंसाबाहेर राहिलेले.

स्नेह्यांना ही ओळ लबाडीची वाटली. आम्हांस ती पाहताक्षणी वाटले, की हा मुलगा बँकेत जाण्यासाठीच जन्मास आला आहे. कारण ज्या व्यवसायाच्या दाराशी तो उभा होता, त्या व्यवसायाचे निम्मे वैभव याच एका कंसावर उभे आहे. कंपनीचा नफा सांगताना व्याज वगळायचे, कर वगळायचा, घसारा वगळायचा, याला तिकडे एबिटडा म्हणतात आणि ते शिष्टसंमत आहे. मग त्यातून यंदा झालेला कोर्टाचा खर्च वगळायचा, कारण तो काही दरवर्षी व्हायचा नाही. कारखाना हलवण्याचा खर्च वगळायचा, कारण कारखाना काही रोज हलत नाही. बडतर्फ केलेल्या साहेबांची नुकसानभरपाई वगळायची, कारण साहेब गेलेच. आणि अशा अनावर्ती दुर्दैवांची पानगळ झाल्यावर जो हिरवागार आकडा उरतो, तो 'ॲडजस्टेड एबिटडा' म्हणून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. २०१८ साली वुईवर्क नावाच्या, कचेऱ्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने कर्जरोखे काढताना याच्याही पलीकडे मजल मारली: तिने जाहिरात, व्यवस्थापन आणि आराखडे यांवरचा खर्चसुद्धा वगळून त्या शिल्लकीला 'कम्युनिटी ॲडजस्टेड एबिटडा' असे भक्तिरसपूर्ण नाव दिले, आणि आदल्या वर्षीचा नव्वद कोटी डॉलरांहून अधिक तोटा त्या नावाच्या प्रभावाने वीस कोटींहून अधिक नफ्यासारखा दिसू लागला. हे कागदपत्र कोणा भुरट्याने छापलेले नव्हते. प्रतिष्ठित बँकांनी ते हाती धरून रोखे विकले आणि लोकांनी ते घेतले. आता ज्या पेढ्या दोन सत्रांचा तोटा अनावर्ती ठरवून उरलेला नफा दाखवण्याचे वेतन देतात, त्यांनीच ते काम विनावेतन करून दाखवणाऱ्या मुलास 'सबब, आपला अर्ज विचारात घेता येत नाही' असे कळवावे, हा प्रकार आम्हांस तरी अगम्य वाटतो. सगळ्या सत्रांत ३.९ मिळवणाऱ्या बिचाऱ्यास वगळण्याची कला यायची कोठून? त्याच्यापाशी वगळण्यासारखे काही असते कोठे?

चाळणी टाळायची तर चाळणीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाशी ओळख पाहिजे, हे ज्ञान आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर मिळते. अमेरिकेत त्याचे शास्त्र झाले असून त्याला नेटवर्किंग म्हणतात. आपल्याच विद्यापीठातून पूर्वी कधी काळी जो कोणी वाट चुकून बँकेत पोचला असेल, त्याचा शोध घ्यायचा. बँकेच्या पत्त्याचा साचा एकदा कळला, म्हणजे नावापुढे टिंब आणि टिंबापुढे आडनाव घालून त्याचा ई-मेल तर्काने बनवायचा. आणि चार ओळींचा नम्र खलिता पाठवायचा, की आपल्या प्रवासाविषयी ऐकण्यास मी उत्सुक आहे, आपली पंधरा मिनिटे मिळतील काय. या पंधरा मिनिटांत नोकरीचा शब्दही काढायचा नाही, हा पहिला नियम. याचकाला नोकरी हवी आहे हे दात्यास ठाऊक असते, दात्यास ठाऊक आहे हे याचकास ठाऊक असते, आणि तरीही दोघे पंधरा मिनिटे कॉफीच्या साक्षीने दात्याच्या जीवनप्रवासाविषयी बोलत राहतात. उत्तर पेशवाईतील वकिलांनी असल्या भेटी पाहिल्या असत्या, तर त्यांना परके वाटले नसते. भेटीनंतर चोवीस तासांच्या आत आभाराचे पत्र गेले पाहिजे. त्यात संभाषणातील एखादा बारीक तपशील आला पाहिजे. आणि सहा आठवड्यांनी काही तरी निमित्त काढून पुन्हा खुशाली विचारली पाहिजे. चिरंजीवांनी या सर्वांचा एक तक्ता ठेवला होता, तो आम्ही पाहिला आहे. नाव, बँक, हुद्दा, भेटीची तारीख, पुढील पत्राची मुदत, आणि शेवटच्या रकान्यात 'कुत्रा आजारी होता, विचारणे' किंवा 'मॅरेथॉनचा गुडघा' अशा नोंदी. पत्रे शेकड्यांनी गेली, उत्तरे मोजकीच आली. परंतु ज्या मुलाला त्याच्या आईने वाढदिवशी आजीला फोन करण्याची चारदा आठवण करून द्यावी लागे, तो कोणा अनोळखी उपाध्यक्षाच्या कुत्र्याची प्रकृती स्मरणात ठेवू लागला, हे वहिनींना कळले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

वहिनींचा या मोहिमेतील वाटा मात्र अनपेक्षित ठिकाणी उघडकीस आला. मुलाखतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा आहे: कंपनीचा घसारा दहा डॉलरांनी वाढला, तर तिन्ही पत्रकांत काय फरक पडेल? चिरंजीव त्याचे उत्तर स्वयंपाकघरातील ओट्याला टेकून, टाय बांधून, भिंतीकडे पाहत म्हणत असत. कर चाळीस टक्के धरला तर निव्वळ नफा सहा डॉलरांनी घटेल. रोखप्रवाहात घसाऱ्याचे दहा परत मिळवले जातील, कारण घसारा हा खिशातून गेलेला पैसा नव्हे. आणि ताळेबंदात मालमत्ता दहाने कमी होईल, व... येथे त्यांची गाडी एके दिवशी आमच्यादेखत अडली. वहिनी थालीपीठ थापीत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रोख चारने वाढली ना, ते घे आधी. म्हणजे त्या बाजूला सहा कमी, आणि इकडे राखीव नफ्यात सहा कमी. जुळला ताळेबंद. पुढचा प्रश्न म्हण." ज्यांनी आयुष्यात कधी कंपनीचे पत्रक उघडले नाही, त्यांना केवळ श्रवणाने हे साधले होते. त्यांचा जीपीए कोणीच कधी काढला नसल्यामुळे त्यांच्याकडे अर्ज करण्यास कोणती बँक फिरकली नाही, ही गोष्ट निराळी.

आमच्याकडील वाचक येथपर्यंत येऊन मनाशी म्हणत असतील, की एवढा उपद्व्याप कशाला, सरळ वशिला का लावू नये? वशिला तेथेही चालतो. फक्त त्याचा हिशेब पुढे डॉलरांत चुकता करावा लागतो. जेपी मॉर्गनने आशियात 'सन्स अँड डॉटर्स' या सरळ नावाचाच एक उपक्रम चालवला होता, ज्यात चिनी अधिकाऱ्यांची आणि गिऱ्हाइकांची मुले, त्यांच्या गुणांची फारशी चिकित्सा न करता, धंदा मिळावा म्हणून नेमली जात. २०१६ साली बँकेला त्यापायी अमेरिकन सरकारशी सुमारे २६ कोटी ४० लाख डॉलरांत तडजोड करावी लागली. पितृपुण्याखालोखाल खेळाचे पुण्य. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ प्राध्यापिकेने अशा पेढ्यांची निवडपद्धती जवळून अभ्यासून २०१५ साली 'पेडिग्री' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात असे दिसते, की लॅक्रॉस, स्क्वॉश, वल्ही मारणे अशा, खर्चिक शाळांतच शिकवल्या जाणाऱ्या, खेळांत प्रावीण्य असले की परीक्षकाच्या चेहऱ्यावर सौम्य प्रकाश पसरतो. या मनुष्याबरोबर विमानतळावर रात्र अडकून पडलो तर सुसह्य होईल काय, हीही एक कसोटी तेथे मानली जाते. चिरंजीव शाळेत असताना कॅरमच्या स्पर्धेत उपविजेते ठरले होते. ती नोंद रेझ्युमेत ठेवावी की काढावी यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि अखेर ती काढण्यात आली. आमच्या मते ती चूक होय. विमानतळावर वल्ही मारता येत नाहीत, कॅरम खेळता येतो.

याच गोल्डमन सॅक्समध्ये १९०७ साली सिडनी वाइनबर्ग नावाचा ब्रुकलिनचा एक पोरगा लागला होता. आठवीतच शाळा सुटलेली. तो म्हणे एका उंच इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यापासून खाली खाली येत, प्रत्येक दारात 'काही काम आहे काय' असे विचारीत निघाला आणि अगदी तळाकडच्या एका दारात त्याला शिपायाच्या मदतनिसाची जागा मिळाली: आठवड्याला तीन डॉलर, काम पिकदाण्या घासण्याचे आणि भागीदारांच्या टोप्या झटकण्याचे. १९३० साली तो त्या पेढीचा प्रमुख झाला, तो १९६९ साली मरेपर्यंत. त्याचा जीपीए काढायचा म्हटले तर गणितच मांडता येत नाही, कारण छेदस्थानी शून्य येते. ही कथा त्या पेढीच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगून झाली की ३.५ खालचे अर्ज बाजूला सारण्याचे काम पुढे चालू होते. वाइनबर्गचा मार्ग आज कोणी अनुसरू म्हणेल, तर तळमजल्यावरील फिरत्या दांड्याशी त्याची गाठ पडेल, जो गळ्यात पट्टा नसलेल्या मनुष्यास गुणवत्तेचा विचार न करता अडवतो.

आणखी काही आडवाटा आहेत, त्या केवळ नोंदवून पुढे जातो. हिशेबतपासनीसांच्या चार बड्या पेढ्यांत मूल्यांकनाचे काम धरून दोन वर्षांनी उडी मारणे; हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत बँकेच्या मागल्या दप्तरात शिरून रोज संध्याकाळी पैलतीरावरील दिव्यांकडे आशेने पाहणे; किंवा सरळ मोठी फी भरून एमबीए करणे, ज्यायोगे जुना जीपीए माफ होतो आणि नवे कर्ज सुरू होते. स्नेह्यांनी या तिसऱ्या तजविजीचा खर्च ऐकला आणि दुसरीची तारीफ करण्यास प्रारंभ केला.

परंतु तितकी वेळ आली नाही. कुत्रा आजारी असलेल्या त्या गृहस्थांनी एका छोट्या पेढीस शिफारस कळवली. ही पेढी दंतवैद्यांचे दवाखाने, मोटारी धुण्याची केंद्रे, नळकाम करणाऱ्या कंपन्या अशा, वर्तमानपत्रांत कधी नाव न येणाऱ्या, धंद्यांची खरेदी-विक्री जुळवते. तेथे चिरंजीवांना 'सुपरडे'स पाचारण झाले. सुपरडे हा सर्वस्वी आपल्याकडील मुलगी बघण्याचा कार्यक्रम होय. फरक इतकाच, की येथे एकामागून एक सहा मंडळी अर्ध्या अर्ध्या तासाने पाहून जातात आणि पोहे कोणालाच मिळत नाहीत. तिसऱ्या परीक्षकाने दाखला पुढ्यात घेऊन पहिल्या दोन सत्रांवर बोट ठेवले. चिरंजीव म्हणाले, की दुसऱ्याच्या सल्ल्याने मी एका धंद्यात गुंतवणूक केली होती, दोन सत्रांत तोटा ध्यानात आला, बाहेर पडलो, आणि त्यानंतरचे आकडे आपल्यासमोर आहेत. त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि घसाऱ्याचा प्रश्न विचारला. रोख चारने वाढते, हे चिरंजीवांनी आधी सांगितले.

नोकरी लागली. बड्या बँकांचे तक्ते आणि आलेख मुंबईत, गोरेगावच्या निर्लॉन पार्कासारख्या ठिकाणी बसलेली मंडळी करून देतात, आणि त्या मंडळींत डोंबिवलीचे, विरारचे वाणिज्य पदवीधर पुष्कळ असतात. ही पेढी तेवढी मोठी नसल्यामुळे तिचे गोरेगाव चिरंजीव स्वतःच झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे ओहायोतील एका नळकाम कंपनीची पत्रके आली. तिचे एक मोठे गिऱ्हाईक सुटलेले, दोन गाड्या पुरात वाहून गेलेल्या, आणि मालकाच्या जावयाचा पगार कामाच्या मानाने फार. चिरंजीवांनी गाड्या अनावर्ती धरल्या, जावई अनावर्ती धरला, आणि रात्री अडीचच्या सुमारास कंपनीचा नफा शेकडा चाळिसांनी सुधारून दिला. वरिष्ठांचा दोनच शब्दांचा जबाब आला, की पान नऊवरील लोगो डावीकडे घ्या. यास तेथे स्तुती समजतात.

राहता राहिली परवान्याची बाब. हा व्यवसाय करण्यास फिन्रा नावाच्या नियामक संस्थेची परीक्षा द्यावी लागते. तिला सिरीज ७९ म्हणतात, तीत पंचाहत्तर प्रश्न असतात, आणि उत्तीर्ण होण्यास शेकडा ७३ पुरतात. हा आकडा ऐकून स्नेही थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. यथावकाश चिरंजीव परीक्षा देऊन आले आणि उत्तीर्ण झाल्याचे त्यांनी जिन्यातूनच फोनवर सांगितले.

"किती मिळाले?" स्नेह्यांनी विचारले.

"मार्क सांगत नाहीत, बाबा. पास झालं की नुसतं पास म्हणतात."

"सांगत नाहीत म्हणजे? कोणालाच?"

"नापास झालं तर सांगतात."

त्या रात्री स्नेह्यांचा आम्हांस पुण्यास फोन आला. मराठी मंडळाचा गणपती तोंडावर आला होता, लोक विचारणार हे उघड होते, आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेल्या मनुष्याने 'नुसता पास झाला' असे चारचौघांत सांगायचे कसे, या विवंचनेत ते होते. अशा संस्थेकडे गुणपडताळणीचा अर्ज करता येतो काय, त्याचा नमुना कोठे मिळेल, आणि अर्ज पाल्याच्या वतीने वडिलांनी केला तर चालेल काय, एवढे त्यांना आमच्याकडून समजून घ्यायचे होते. फी जी काय असेल ती भरण्याची त्यांची तयारी आहे.